ज्याची टोपी त्यालाच

आमच्या सासुरवाडीच्या अॅम्बॅसडरचं इंजिन माझ्या हातून बिघडलं. मी गप्प राहिलो असतो तर सगळा दोष मेस्त्रींच्या नावावर खपून गेला असता. काही दिवस तो तसा खपलाही. म्हणून आज हे सगळं सविस्तर लिहायचं ठरवलं. आपल्या भागात अजूनही पुष्कळ घरांच्या पडवीत ताडपत्रीखाली एखादी जुनी अॅम्बॅसडर नाहीतर फियाट उभी असते. ‘एकदा इंजिन करून घ्यायचं’ असं घरातलं कुणीतरी दर दिवाळीला म्हणत असतं. त्यांना माझ्या चुकीचा उपयोग व्हावा.

माझे सासरे गोकाकचे. घरी सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मी मामा म्हणतो. ते मला ‘अळियंद्रे’ म्हणतात, म्हणजे जावईबापू. १९७६ साली त्यांनी मार्क थ्री अॅम्बॅसडर घेतली. त्या घरातल्या तिन्ही मुली लग्नानंतर याच गाडीतून सासरी गेल्या. त्यात माझी बायकोही आली. आता नातीचं लग्न मे २०२४ मध्ये ठरलं होतं आणि तीही याच गाडीतून जावी अशी मामांची इच्छा होती. गाडी मात्र धूर सोडत होती आणि चढाला दम टाकत होती. २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत ती बेळगावला आणून इंजिन खोलायचं ठरलं.

रॉकेलचा टब

मेस्त्री साठीच्या पुढचे. अॅम्बॅसडर आणि फियाट यांवरच त्यांचा हात बसलेला. कानडी, मराठी, उर्दू तिन्ही एका वाक्यात बोलणारे. त्यांनी इंजिन खोललं आणि सुटे भाग एका पोत्यावर ओळीनं मांडले. पहिल्या सिलिंडरचं सामान पहिलं, मग दुसऱ्याचं, अशी ती ओळ. काही भागांवर पांढऱ्या रंगानं आकडे घातले. मग ते जेवायला गेले.

मी प्राध्यापक माणूस, सुट्टीत रिकामा. मदत करावी म्हणून मी पोत्यावरचं निम्मं सामान रॉकेलच्या टबात टाकलं आणि ब्रशनं घासून चकचकीत केलं. काजळी गेली, त्याबरोबर पांढरे आकडेही गेले. मग मी सगळं आठवून आठवून परत ओळीनं मांडून ठेवलं. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला बोल्टनं बसणाऱ्या चार कॅप होत्या. मेस्त्री त्यांना टोपी म्हणतात. चारही दिसायला सारख्याच. कुठली कुठं होती याची मला खात्री नव्हती. मेस्त्री परत आले आणि म्हणाले, “सर, काय करूलालासा? धुतलासा व्हय? ओळ तीच हाय न्हवं?”

मी म्हणालो, “तीच आहे.”

या दोन शब्दांची किंमत पुढे मोजावी लागली. इंजिन जुळवून झालं, गाडी सुरू झाली. हॅण्डल मारताना इंजिन जरा जड लागत होतं, पण नव्या रिंगा आहेत म्हणून असेल असं मेस्त्रींना वाटलं. जानेवारीत मामा गाडीत होते आणि मी चालवत होतो. अंकलगीच्या अलीकडे खालून ‘टक टक’ असा आवाज यायला लागला. पाहता पाहता तो घणासारखा वाजू लागला. मामा म्हणाले, “निल्लसरी.” मी गाडी थांबवली. पुढचं अंतर आम्ही दुसऱ्या गाडीच्या मागे दोर बांधून आलो.

मापानं सारखं, जागेनं वेगळं

झालं काय होतं, ते समजून घेतलं तर बाकीचं सगळं समजतं.

अॅम्बॅसडर ही इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीवर बेतलेली गाडी. हिंदुस्तान मोटर्सच्या पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाडा कारखान्यात ती बनायची. २०१४ साली तिचं उत्पादन थांबलं. मामांच्या गाडीतलं पेट्रोल इंजिन १४८९ सी.सी.चं आहे. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७३ मि.मी.च्या किंचित वर आणि पिस्टनची धाव ८८.९ मि.मी. पिस्टनचं वरखाली होणं कनेक्टिंग रॉडमधून क्रँकशाफ्टला मिळतं आणि त्याचं गोल फिरणं होतं. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर जाऊन खाली येतो.

रॉडचं खालचं टोक क्रँकला मिठी मारून बसतं. ही मिठी दोन तुकड्यांची असते. अर्धा भाग रॉडचा, अर्धा भाग कॅपचा. कारखान्यात आधी कॅप रॉडला बोल्टनं कसतात आणि मग दोन्हींतून एकत्र गोल भोक कातून काढतात. त्यामुळे ते भोक त्या जोडीपुरतंच खरं गोल असतं. दुसऱ्या रॉडची कॅप लावली तर ती बसते, बोल्टही कसले जातात. पण आतलं भोक काटेकोर गोल राहत नाही. एका बाजूला बेरिंग चिमटतं, दुसऱ्या बाजूला सैल पडतं.

क्रँक आणि बेरिंग यांच्यामध्ये जागा असते ती साधारण ०.०५ मि.मी., म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसाएवढी किंवा त्याहूनही कमी. तेवढ्या फटीत तेलाचा थर असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागत नाही. थर तुटला की दोन्ही घासतात, तापतात आणि बेरिंगचा मऊ धातू वितळून निघतो. आमच्या गाडीत दुसऱ्या आणि चौथ्या रॉडच्या टोप्यांची अदलाबदल झाली होती. ते दोन रॉड एकाच घडणीचे, म्हणून कॅप निमूट बसल्या. ‘टक टक’ आवाज तिथलाच होता.

इंजिन दुसऱ्यांदा खोलल्यावर मेस्त्री बराच वेळ त्या दोन बेरिंगांकडे बघत बसले. “माझ्या हातनं असं कधी झालं न्हाई,” एवढंच म्हणाले. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन मी टबाची गोष्ट सांगितली. मग गोकाकला फोन करून मामांना सांगितली. मामा थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “क्रँक कितीवर आहे ते विचारा.”

शेवटची पायरी

मामांचा प्रश्न बरोबर होता. क्रँकवर चरे पडले की तो मशीनवर घासून पुन्हा गुळगुळीत करतात. घासला की तो बारीक होतो, म्हणून त्याला जाड बेरिंग लावावं लागतं. ही बेरिंग ठरावीक पायऱ्यांनी मिळतात. दहा, वीस, तीस आणि चाळीस थाऊ. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. चाळीस थाऊ म्हणजे क्रँकचा व्यास मूळच्यापेक्षा जवळजवळ एक मि.मी.नं कमी. त्यापुढे पायरी नाही.

मामांनी गाडीची वही ठेवलेली आहे, कानडीत. ती आणवली. १९९१ मध्ये क्रँक वीसवर गेल्याची नोंद होती, २००८ मध्ये तीसवर. पहिल्या वेळी, २०२३ मध्ये, मेस्त्रींनी तो नुसता पॉलिश करून तीसचीच नवी बेरिंग घातली होती. आता मात्र चाळीसवाचून गत्यंतर नव्हतं. म्हणजे ही त्या क्रँकची शेवटची संधी. आणखी एक चूक झाली असती तर तो क्रँक भंगारात गेला असता.

उद्यमबागेत घासकाम करून घेतलं. चाळीसची बेरिंग मात्र लगेच मिळाली नाहीत. हुबळी आणि कोल्हापूरच्या जुन्या दुकानांत विचारत दोन महिने गेले. बेरिंग हातात आली तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि लग्न पंधरा दिवसांवर होतं. मेस्त्री म्हणाले, रात्रीचा दिवस केला तर दोन दिवसांत इंजिन बंद करता येईल. मी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, “अवसर बेड.” घाई नको. नात भाड्याच्या गाडीतून सासरी गेली. लग्नात मामा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत, पण मंडपाबाहेर ती फुलांनी सजवलेली गाडी निघाली तेव्हा ते तिच्याकडे बघत नव्हते, हे मी पाहिलं.

लग्न उरकल्यावर, जूनमध्ये आम्ही इंजिन जुळवायला बसलो. या वेळी मेस्त्रींनी मला समोर बसवलं आणि हातात वही दिली. त्या वहीतलं पुढे देतो आहे.

धुण्याआधी लिहा

पहिला नियम : खोलताना जे लिहिलं नाही ते जुळवताना आठवत नाही. रंग, खडू, पेन यांवर विसंबू नका. रॉकेलपुढे ते टिकत नाहीत. रॉड आणि त्याची कॅप यांच्या एकाच बाजूला, बेरिंगच्या जागेपासून दूर, हलक्या हातानं पंचचे ठिपके मारा. पहिल्याला एक ठिपका, दुसऱ्याला दोन. पहिला सिलिंडर म्हणजे पंख्याकडचा, ही मोजणी आधी ठरवून घ्या. कारखान्याचे आकडे आधीच कोरलेले असतील तर तेच पाळा.

आमच्याकडे ठिपक्यांचं महत्त्व आणखी एका प्रकारे कळलं. मामांच्या वहीतले आकडे कानडी. माझा मुलगा इंग्रजी शाळेतला. तो वही वाचत होता आणि कानडी एक गोल दिसतो म्हणून त्यानं ‘सिलिंडर शून्य’ असं वाचलं. सगळे हसले. मेस्त्री म्हणाले, “म्हणून ठिपका मारायचा. ठिपका कुणालाबी वाचता येतोय.”

धुताना एका वेळी एकाच सिलिंडरचं सामान धुवा, पुसा, जागेवर ठेवा आणि मगच पुढचं घ्या. ब्लॉक आणि क्रँकमधल्या तेलाच्या वाटा तारेनं आणि हवेनं साफ करा. क्रँक घासून आला असेल तर हे दोनदा करा, कारण घासताना निघालेला किस त्या वाटांत अडकून बसतो आणि नव्या बेरिंगला पहिल्याच मिनिटात चरे पाडतो. पुसायला दोरे सुटणारा बोळा वापरू नका.

क्रँक आणि मेन बेरिंग

या इंजिनात क्रँक तीन मेन बेरिंगांवर बसतो. प्रत्येक बेरिंग दोन अर्ध्या वाट्यांचं असतं. वाटीच्या कडेला एक लहान जीभ असते. ती समोरच्या खाचेतच बसली पाहिजे. तेलाचं भोक असलेली वाटी ब्लॉककडे, आणि तिचं भोक ब्लॉकमधल्या भोकासमोर. हे चुकलं तर तेल बेरिंगपर्यंत पोहोचतच नाही. वाटीची पाठ आणि तिची बैठक कोरडी, स्वच्छ हवी. तेल फक्त आतल्या अंगाला लावायचं. पाठीमागे एखादा कण राहिला तर वाटी तेवढ्या जागी वर उचलली जाते आणि केसाएवढी फट तिथंच संपते.

क्रँक पुढे-मागे सरकू नये म्हणून मधल्या मेन बेरिंगच्या दोन्ही अंगांना अर्धचंद्रासारखे थ्रस्ट वॉशर असतात. त्यांच्या एका बाजूला तेलाच्या चरी असतात. चरीची बाजू क्रँककडे यायला हवी. उलटं बसवलं तर तेही बसतं, आवाजही करत नाही, पण काही दिवसांत क्रँकचा खांदा खाऊन टाकतं. जुळवाजुळवीतल्या बहुतेक चुका अशा मुकाट्यानं बसणाऱ्या असतात, हे मला या कामात पुन्हा पुन्हा दिसलं.

मेन बेरिंगच्या कॅपही आपापल्या जागीच आणि आपापल्या तोंडानंच बसवायच्या. त्या तशाच एकत्र कातलेल्या असतात. एक कॅप टॉर्क पान्यानं कसायची, मग क्रँक हातानं फिरवून बघायचा. मोकळा फिरला तरच पुढची. तिन्ही एकदम कसल्या आणि क्रँक अडला, तर कुठली अडवते आहे ते कळत नाही. पहिल्या वेळी इंजिन जड लागलं तेव्हा ‘नव्या रिंगा’ म्हणून सोडून दिलं, ते इथं लक्षात ठेवावं. रिंगा घालायच्या आधीच क्रँक फिरवून बघितला असला की जडपणा कुणाचा ते आपोआप ठरतं.

पिस्टनचं तोंड

पिस्टन गोल असतो, म्हणून कसाही बसेल असं वाटतं. तसं नसतं. त्याच्या डोक्यावर ‘फ्रंट’ अशी अक्षरं किंवा बाण असतो. तो पंख्याकडे हवा. रॉडचंही तसंच. या इंजिनात रॉडचं खालचं टोक बरोबर मध्यावर नसतं, जरा एका बाजूला सरकलेलं असतं. पहिला आणि तिसरा एका घडणीचे, दुसरा आणि चौथा दुसऱ्या. पिस्टनची गजन पिन रॉडच्या वरच्या टोकात एका बोल्टनं आवळलेली असते. तो बोल्ट नीट कसला आहे ना, हे पिस्टन सिलिंडरमध्ये उतरवण्याआधी बघायचं. नंतर तो दिसत नाही.

रिंगा पिस्टनवर चढवण्याआधी एकेक रिंग सिलिंडरमध्ये घालून, पिस्टननं सरळ ढकलून, तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजनं मोजा. या व्यासाला ती साधारण ०.२ ते ०.३ मि.मी. असावी. फट कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. काही रिंगांवर ‘टी’ किंवा ‘टॉप’ अशी खूण असते. ती वर हवी. उतरत्या कडेची रिंग उलटी बसली तर ती तेल खाली ओढण्याऐवजी वर ढकलते आणि सगळं नवं घालूनही गाडी निळा धूर सोडते. रिंगांच्या फटी एकाखाली एक येऊ देऊ नका.

दोन ठिपके आणि चार आकडे

वरचे व्हॉल्व्ह कॅमशाफ्ट उघडतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. दोन्हींना साखळी जोडते. दोन्ही चाकांवर एकेक ठिपका असतो. साखळी घालताना ते दोन ठिपके समोरासमोर आणि दोन्ही चाकांच्या मध्यांमधून जाणाऱ्या रेषेवर यायला हवेत. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण दम मिळत नाही आणि लोक कार्बुरेटरला दोष देत बसतात.

डिस्ट्रिब्युटर बसवताना आणखी एक फसवी जागा आहे. पहिला पिस्टन वर आला म्हणजे ठिणगीची वेळ झाली असं नाही. दोन फेऱ्यांत तो दोनदा वर येतो. एकदा पेट्रोलची वाफ दाबत, एकदा जळका धूर बाहेर ढकलत. म्हणून व्हॉल्व्हकडे बघायचं. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह झुलत असतील, म्हणजे एक मिटतो आणि दुसरा उघडू लागतो, तर पहिला दाबावर आहे. मग तारा १-३-४-२ या क्रमानं. आमच्या गॅरेजमध्ये हा क्रम कानडीतच म्हणतात : ओंद, मूर, नाक, एरड. मुलगा तो दिवसभर घोकत होता. फियाट ११०० आणि पुढे तिचीच झालेली प्रीमियर पद्मिनी, त्या १०८९ सी.सी.च्या इंजिनालाही हाच क्रम.

नऊचा नियम

खोलताना टॅपेट आणि पुशरॉड एका पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून त्यात क्रमानं खोचून ठेवा. प्रत्येक टॅपेट वर्षानुवर्षं कॅमच्या एकाच उंचवट्यावर घासून त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. तो दुसरीकडे घातला तर दोन्ही झिजतात. व्हॉल्व्हही ज्या बैठकीवर घासून बसवला, त्याच बैठकीवर परत जायला हवा.

हेड गॅस्केटवर ‘टॉप’ आणि ‘फ्रंट’ लिहिलेलं असतं, ते वाचून घाला. हेडचे नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन हप्त्यांत कसा. एका कोपऱ्यापासून एकदम कसत गेलं तर हेड वाकतं आणि गॅस्केट फुटतं. किती जोरानं कसायचं ते पुस्तकात दिलेलं असतं. मनगटाचा अंदाज कितीही जुना असला तरी टॉर्क पाना वापरा.

टॅपेटची फट लावताना मेस्त्रींनी सांगितलेली युक्ती मला सर्वांत आवडली. पुढून मागे व्हॉल्व्हना एक ते आठ आकडे द्या. इंजिन हॅण्डलनं हळू फिरवा. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असेल त्याचा आकडा नवातून वजा करा. येईल त्या व्हॉल्व्हची फट लावा. आठवा उघडा असेल तर पहिल्याची, पाचवा उघडा असेल तर चौथ्याची. त्या वेळी तो व्हॉल्व्ह हमखास पूर्ण मिटलेला असतो. हे गणित मी कॉलेजात गणिताच्या सहकाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी कागद घेऊन पडताळून पाहिलं आणि मान डोलावली.

पहिला आवाज

जुळवताना प्रत्येक घासणाऱ्या भागाला तेल लावायचं. तेलाचा पंपही तेल भरूनच बसवायचा, नाहीतर तो सुरुवातीला नुसती हवा ओढतो. पहिल्यांदा चालू करण्याआधी प्लग काढून स्टार्टर फिरवायचा, म्हणजे इंजिनावर ओझं न येता तेल सगळीकडे पोहोचतं. मेस्त्रींनी तेवढ्यापुरता दाबाचा काटा जोडला होता. काटा वर चढेपर्यंत त्यांनी प्लग घालू दिले नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी प्लग घातले. मामा गोकाकहून मुद्दाम आले होते. बाहेर पाऊस. ते गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसले होते. मेस्त्रींनी चावी माझ्या हातात दिली. मी नको म्हटलं. ते म्हणाले, “तुमीच मारा सर. टोप्या तुमीच घातलासा न्हवं यावेळी?” ते खरं होतं. चारही कॅप त्यांनी मला लावायला लावल्या होत्या. प्रत्येक वेळी ठिपके मोठ्यानं मोजून दाखव म्हणत होते.

इंजिन तिसऱ्या प्रयत्नात लागलं. थोडा धूर आला, मग थांबला. मेस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला आणि मूठ कानाला लावून चारही ठिकाणी ऐकलं. दुसऱ्या आणि चौथ्याला जरा जास्तच वेळ ऐकलं. मग ते बाजूला झाले आणि मामांना बोलावलं. मामांनीही ऐकलं. “सरि ऐति,” म्हणाले आणि पुन्हा खुर्चीवर जाऊन बसले.

त्यानंतर इंजिन गार झाल्यावर हेडचे नट पुन्हा तपासले, टॅपेट पुन्हा लावले. पहिले आठशे किलोमीटर गाडी पळवायची नाही, ओझं घालायचं नाही, चढावर टॉप गिअरमध्ये रेटायचं नाही, आणि मग तेल बदलायचं, असं मेस्त्रींनी वहीत लिहून घेतलं. ते आठशे किलोमीटर मी बेळगाव-गोकाक ये-जा करूनच पुरे केले. नात दिवाळसणाला जावयाबरोबर आली, तेव्हा स्टेशनवरून तिला आणायला हीच गाडी गेली. मामा पुढच्या सीटवर होते.

मामांच्या वहीत त्यांनी आता माझ्याच हातानं एक पान लिहून घेतलं आहे. क्रँक चाळीसवर, तारीख, कुठला रॉड कुठं, आणि खाली ‘पुढे पायरी नाही’. मी मराठीत लिहिलं, त्यांनी त्याच्या बाजूला कानडीत. वही गाडीच्याच कप्प्यात असते.

तुमच्या पडवीतल्या गाडीवरची ताडपत्री काढणार असाल तर आधी अशी एक वही आणि एक पंच विकत घ्या. मेस्त्रींना घाई करू नका. मदत करायची असेल तर विचारून करा. आणि हातून काही इकडचं तिकडे झालं तर इंजिन बंद होण्याआधी सांगा. त्या वेळी सांगितलं तर एक दुपार जाते. नंतर सांगितलं तर क्रँक जातो.